साखर खाऊन तेल देणारे यीस्ट: विज्ञान कुठे पोहोचले आणि हिशेब कुठे अडला

२८ एप्रिल २०२२ रोजी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली आणि २३ मे रोजी ती बंदी उठवली. अवघ्या साडेतीन आठवड्यांच्या त्या निर्णयाने भारतातील तेलबाजार हादरला, कारण आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे वर्षाला सुमारे १६० लाख टन तेल आपण बाहेरून आणतो आणि त्यात सर्वांत मोठा वाटा पामतेलाचाच असतो. अशा प्रसंगानंतर ‘प्रयोगशाळेतले पामतेल’ या मथळ्याच्या बातम्या हमखास दिसू लागतात. न्यूयॉर्कची सी-१६ बायोसायन्सेस ही २०१७ साली स्थापन झालेली कंपनी यीस्टपासून पामतेलासारखे तेल बनवते आणि २०२० साली बिल गेट्स यांच्या ब्रेकथ्रू एनर्जी व्हेंचर्स या निधीच्या पुढाकाराने तिला दोन कोटी डॉलरचे भांडवल मिळाले. ब्रिटन, नेदरलँड्स आणि एस्टोनिया येथेही अशा कंपन्या काम करत आहेत.

पाव फुगवणारे यीस्ट सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याच जातकुळीतला एक सूक्ष्मजीव तेल कसे देतो, त्याच्या जनुकांत बदल केल्याने हे तेल वाढते म्हणजे नेमके काय होते, आणि हे जमत असेल तर ते तेल अजून आपल्या कढईत का आलेले नाही, हे प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. त्यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बातम्यांत सहसा नसते, म्हणून या लेखात त्याला अधिक जागा दिली आहे.

यीस्टच्या पेशीत तेल येते कुठून?

यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. प्रत्येक सजीव पेशीत थोडा मेद असतोच, कारण पेशीचे आवरणच मेदापासून बनलेले असते. पण त्याखेरीज अडीअडचणीसाठी साठवलेला मेद वेगळा असतो आणि तो ट्रायग्लिसराइड या रूपात असतो. तीन लांब मेदाम्ले, म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या असलेले रेणू, एका ग्लिसरॉलच्या रेणूला जोडली गेली की एक ट्रायग्लिसराइड तयार होते. शेंगदाण्याचे तेल, पामतेल, तूप हे सारे मुख्यतः ट्रायग्लिसराइडच आहेत आणि यीस्टचे तेलही तेच आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्यात परके असे काही नाही.

पावाच्या यीस्टमध्ये, म्हणजे सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसिएमध्ये, हा साठा अगदी बेताचा असतो. मात्र यीस्टच्या काही जाती सुकवल्यानंतरच्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक मेद साठवतात आणि शास्त्रज्ञ त्यांना तैलयुक्त यीस्ट म्हणतात. यारोविया लिपोलिटिका, ऱ्होडोस्पोरिडियम टोरुलॉइडिस आणि लायपोमायसिस स्टार्की ही त्यांतली ठळक नावे आहेत. पहिल्या महायुद्धात नाकेबंदीमुळे जर्मनीत चरबीचा तुटवडा पडला, तेव्हा पॉल लिंडनर यांनी एंडोमायसिस व्हर्नालिस नावाच्या बुरशीपासून खाण्याजोगी चरबी मिळवण्याचे प्रयत्न केले होते. म्हणजे कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. नवी आहे ती जनुकांत हवा तसा फेरफार करण्याची क्षमता.

या फेरफारासाठी जगभर सर्वाधिक वापरले गेलेले यीस्ट म्हणजे यारोविया. ते चीज, मांस आणि तेलाने दूषित झालेली माती व पाणी अशा स्निग्ध जागी आपसूक सापडते. मुंबईजवळच्या तेलदूषित समुद्राच्या पाण्यातून मिळालेला त्याचा एक वाण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रहात एनसीआयएम ३५८९ या क्रमांकाने जतन केलेला आहे आणि त्यावर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात बरेच संशोधन झाले आहे. यारोवियाचा संपूर्ण जनुकसंच २००४ साली उलगडला गेला. त्यानंतर कोणते जनुक कोणते काम करते हे शोधणे सोपे झाले आणि अभियांत्रिकीला वेग आला.

नत्र संपले की चरबी वाढते

यीस्ट तेल केव्हा साठवते, हे समजले की पुढचे सारे सोपे होते. पेशीला वाढण्यासाठी मुख्यतः दोन गोष्टी लागतात. साखरेतून कार्बन मिळतो, आणि प्रथिने व जनुके बनवण्यासाठी नत्र लागते. बांधकामाच्या जागेवर विटांचे ट्रक येत राहिले पण सिमेंट संपले, तर भिंत पुढे सरकत नाही आणि गवंडी विटा अंगणात रचून ठेवतो. यीस्टचे तसेच होते. नत्र संपले की नवी पेशी बांधता येत नाही, साखर मात्र आत येतच राहते, आणि त्या कार्बनची रास तेलाच्या थेंबांच्या रूपात पेशीतच लागते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास अशा पेशीचा बराचसा भाग एकदोन मोठ्या तैलबिंदूंनी व्यापलेला दिसतो.

हे आतून कसे घडते, हे ब्रिटनमधील हल विद्यापीठातील कॉलिन रॅटलेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षांच्या कामातून दाखवले. नत्र संपताच पेशी स्वतःच्याच एएमपी या रेणूतून नत्र काढून घेते, त्यामुळे एएमपीची पातळी घसरते. पेशीच्या ऊर्जाकेंद्रात, म्हणजे तंतुकणिकेत, साखर जाळण्याच्या साखळीतील एका विकराला काम करण्यासाठी हाच एएमपी लागतो. (विकर म्हणजे एन्झाइम, पेशीतली प्रत्येक रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन.) ते विकर थंडावले की साखर जाळण्याची साखळी मध्येच तुंबते आणि त्या साखळीतला सायट्रेट हा मधला पदार्थ साचू लागतो. साचलेले सायट्रेट तंतुकणिकेबाहेर टाकले जाते आणि तेथे एक खास विकर त्याचे तुकडे करून दोन कार्बनचा असेटिल-कोए हा रेणू मोकळा करते. मेदाम्लाची लांब साखळी याच दोन-दोन कार्बनच्या तुकड्यांपासून जोडली जाते.

सायट्रेट तोडणारे ते खास विकर पावाच्या यीस्टकडे नाही. ते का लठ्ठ होत नाही आणि यारोविया का होते, याचे मोठे कारण येथे सापडते. पावाच्या यीस्टला तैलयुक्त बनवण्याचेही प्रयत्न झाले आहेत, पण ज्याच्याकडे यंत्रणा उपजतच आहे त्याच्यापासून सुरुवात करणे अधिक शहाणपणाचे होते आणि बहुतेक प्रयोगशाळांनी तेच केले.

जनुकांत नेमके काय बदलले?

जनुक म्हणजे विकर बनवण्याची कृती. एखाद्या जनुकाच्या जास्त प्रती पेशीत घातल्या, किंवा त्याला अधिक जोरदार चालू-बटण जोडले, तर ते विकर जास्त बनते. एखादे जनुक काढून टाकले तर त्याचे काम बंद पडते. यीस्टचे तेल वाढवण्यासाठी या दोन्ही गोष्टी केल्या गेल्या.

अमेरिकेतील एमआयटीचे ग्रेगरी स्टेफानोपुलस यांच्या गटाने २०१३ साली दोन जनुकांवर लक्ष केंद्रित केले. पहिले एसीसी-१. त्याचे विकर मेदाम्लाच्या साखळीसाठी कच्चा माल तयार करते. दुसरे डीजीए-१. त्याचे विकर तयार मेदाम्ले ट्रायग्लिसराइडमध्ये बांधून तैलबिंदूत नेऊन ठेवते. म्हणजे एक विकर मागून ढकलते आणि दुसरे पुढून ओढते. नुसते ढकलून काही वाढ झाली, नुसते ओढून त्याहून जास्त झाली, आणि दोन्ही एकत्र केल्यावर तेलाचे प्रमाण मूळ वाणाच्या जवळजवळ पाचपट झाले. किण्वन टाकीत, म्हणजे यीस्ट वाढवण्याच्या टाकीत, या वाणाने सुकवलेल्या वजनाच्या सुमारे ६२ टक्के इतके तेल साठवले.

येथे ओढणारे विकर अधिक प्रभावी का ठरले, याकडे लक्ष द्यायला हवे. मेदाम्ले सुटी राहिली तर ती स्वतःच्याच उत्पादनाला लगाम घालतात; संपृक्त, म्हणजे हायड्रोजनने पूर्ण भरलेली, मेदाम्ले विशिष्ट पातळीच्या वर गेली की एसीसी-१ चे विकर मंदावते. डीजीए-१ ती उचलून तैलबिंदूत टाकते, त्यामुळे लगाम सैल होतो. त्याच गटाने पुढे तिसरे जनुकही वाढवले. त्याचे विकर संपृक्त मेदाम्लांना असंपृक्त बनवते, आणि लगाम आणखी सैल झाल्यामुळे २०१५ साली टाकीतील तेल लिटरमागे ५५ ग्रॅमपर्यंत गेले.

काढून टाकण्याची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. यारोविया मूळचे तेल खाणारे यीस्ट असल्याने साठवलेले तेल जाळून टाकण्याची त्याची यंत्रणाही तगडी असते. हे ज्वलन पेरॉक्सिसोम नावाच्या पेशीतल्या कप्प्यात चालते. तो कप्पा बनवणारी किंवा तेथे काम करणारी जनुके निकामी केली की साठवलेले तेल टिकून राहते. फ्रान्समध्ये ज्यां-मार्क निको यांच्या गटाने या बाजूचे बरेच पायाभूत काम केले आहे. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातील हाल आल्पर यांच्या गटाने २०१४ साली अशा अनेक बदलांच्या जोड्या एकाच वेळी तपासल्या आणि सुकवलेल्या वजनाच्या ९० टक्क्यांच्या आसपास मेद असलेल्या पेशी मिळवल्या.

तिसरी बाजू सर्वांत कमी दिसणारी आणि माझ्या मते सर्वांत रोचक आहे. साखरेपेक्षा तेलात हायड्रोजन जास्त असतो. त्यामुळे कार्बनचे तुकडे नुसते जोडून भागत नाही, त्यांत हायड्रोजन भरावा लागतो, आणि तो एनएडीपीएच नावाचा वाहक रेणू आणून देतो. सोळा कार्बनचे एक पामिटिक आम्ल बनवायला असे चौदा रेणू खर्ची पडतात. यारोविया ते ज्या मार्गाने बनवते, त्या मार्गात कार्बनचा काही भाग कार्बन डायऑक्साइड होऊन वाया जातो. याउलट साखर फुटताना तयार होणारा एनएडीएच हा दुसरा वाहक पेशीत मुबलक असतो, पण तेल बनवणारी विकरे त्याला हात लावत नाहीत. एमआयटीच्या गटाने इतर सूक्ष्मजीवांची विकरे आणून हा वाया जाणारा हायड्रोजन एनएडीपीएचच्या रूपात वळवला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात लिटरमागे ९९ ग्रॅम तेल, तासाला लिटरमागे १.२ ग्रॅमचा वेग आणि एक ग्रॅम साखरेमागे ०.२७ ग्रॅम तेल मिळाले.

‘नव्वद टक्के चरबी’ हा आकडा फसवा का आहे?

बातमीच्या मथळ्यात बहुधा टक्केवारी असते, कारण ती डोळ्यांत भरते. पण पेशीत किती टक्के तेल आहे, हा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. थोड्याच पेशी वाढल्या, त्यांना लठ्ठ व्हायला अनेक दिवस लागले आणि तोवर त्यांनी भरपूर साखर फस्त केली, तरीही टक्केवारी नव्वद दिसू शकते. कारखानदाराला तीन वेगळे आकडे लागतात: टाकीतल्या एका लिटरमध्ये शेवटी किती तेल जमा झाले, ते किती वेगाने जमा झाले, आणि एक किलो साखरेमागे किती मिळाले. पहिल्यावर तेल वेगळे काढण्याचा खर्च ठरतो, दुसऱ्यावर किती टाक्या उभाराव्या लागतील ते ठरते, आणि तिसऱ्यावर कच्च्या मालाचे बिल ठरते. नव्वद टक्क्यांच्या २०१४ च्या कामात लिटरमागे २५ ग्रॅमहून थोडे अधिक तेल मिळाले होते. २०१७ च्या कामात ते जवळजवळ चौपट होते.

वेगाचा अर्थ एका उदाहरणाने पाहू. एक लाख लिटरच्या टाकीत तासाला लिटरमागे १.२ ग्रॅम या दराने दिवसाला सुमारे २.९ टन तेल निघेल. आपण रोज सरासरी ४४ हजार टन तेल आयात करतो. ते सारे अशा टाक्यांतून काढायचे म्हटले तर पंधरा हजारांहून अधिक टाक्या रात्रंदिवस चालवाव्या लागतील, आणि त्यात टाकी रिकामी करणे, धुणे, निर्जंतुक करणे यांचा वेळ धरलेला नाही.

साखरेची एक मर्यादा जनुकांनी ओलांडता येत नाही

वरील तीन आकड्यांपैकी दोन प्रयत्नाने सुधारत राहतील. तिसऱ्याला मात्र कमाल मर्यादा आहे. साखरेतून असेटिल-कोए बनताना सहापैकी दोन कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात. शिवाय एक ग्रॅम तेलात एक ग्रॅम साखरेच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते आणि ती ऊर्जाही साखरेतूनच यावी लागते. हा सारा हिशेब मांडल्यावर यीस्टच्या नेहमीच्या मार्गाने एक ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त सुमारे ०.३२ ग्रॅम तेल मिळू शकते. ०.२७ ग्रॅम हा आकडा त्या मर्यादेच्या बराच जवळ पोहोचलेला आहे. जनुक अभियांत्रिकीचे हे मोठे यश आहे, पण त्याचाच दुसरा अर्थ असा की या बाजूला आता फारशी जागा उरलेली नाही.

आता हा आकडा रुपयांत पाहू. ०.२७ या दराने एक किलो तेलाला ३.७ किलो साखर लागते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये साखरेचा कारखान्याच्या दारातला किमान विक्रीदर किलोला ३१ रुपये ठरवला. तो धरला तरी एका किलो तेलासाठी नुसत्या साखरेचाच खर्च ११५ रुपये होतो. अगदी सैद्धांतिक मर्यादा गाठली तरीही तो ९६ रुपयांच्या खाली येत नाही. कच्च्या पामतेलाचा आंतरराष्ट्रीय भाव २०२२ चा भडका वगळता गेली काही वर्षे बहुतांश टनाला आठशे ते बाराशे डॉलरांच्या आसपास राहिला, म्हणजे किलोला ढोबळमानाने ७० ते १०० रुपये. वीज, मजूर, टाक्या आणि तेल काढण्याचा खर्च या ११५ रुपयांत धरलेलाच नाही. फोडणीचे तेल साखरेपासून बनवण्याचा हिशेब आज जुळत नाही, आणि केवळ अधिक चांगले यीस्ट बनवून तो जुळणारही नाही.

जमिनीच्या बाजूने पाहिले तर चित्र जरा वेगळे दिसते. महाराष्ट्रात हेक्टरी ८० ते ९० टन ऊस आणि त्यातून ११ टक्क्यांच्या आसपास साखर उतारा धरला, तर एका हेक्टरातून नऊ टन साखर आणि तिच्यापासून यीस्टद्वारे सुमारे अडीच टन तेल निघेल. पामच्या चांगल्या बागेत हेक्टरी तीन ते चार टन तेल मिळते, म्हणजे ऊस-यीस्ट जोडी पामला मागे टाकत नाही. मात्र कोरडवाहू सोयाबीनचे हेक्टरी टनभर उत्पादन आणि त्यातले १८ ते २० टक्के तेल पाहिले, तर ही जोडी त्याच्या दसपट पुढे आहे. त्यावरून लगेच सोयाबीनच्या जागी ऊस लावण्याचा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. सोयाबीनची पेंड ही त्याच्या तेलाइतकीच मोलाची असते, आणि मराठवाड्यात उसाला लागणारे पाणी आणायचे कुठून, हा प्रश्न कोणतेही यीस्ट सोडवत नाही.

साखर कारखान्यांकडे टाक्या आहेतच की!

ही शंका महाराष्ट्रातल्या वाचकाला नक्की येईल. कारखान्यांकडे मळी म्हणजे मोलॅसिस आहे, आसवन्या म्हणजे डिस्टिलरी आहेत, यीस्ट सांभाळणारी माणसे आहेत. मग इथेनॉलऐवजी तेल का काढू नये?

पहिली अडचण प्राणवायूची. इथेनॉल बनवणाऱ्या यीस्टला हवा लागत नाही. तेल बनवणाऱ्या यीस्टला ती सतत आणि भरपूर लागते. त्यामुळे मोठे कॉम्प्रेसर, जोरदार ढवळणी आणि निर्माण होणारी उष्णता काढून घेणारी शीतकरण व्यवस्था आवश्यक ठरते, आणि आसवनीच्या साध्या टाक्यांत यातले काहीच नसते. दुसरी अडचण स्वच्छतेची. इथेनॉल स्वतःच इतर जंतूंना आवर घालते, शिवाय ते काम दोनतीन दिवसांत उरकते. तेलाच्या टाकीत असे संरक्षण नसते, म्हणून तिथली निर्जंतुकता अधिक काटेकोर असावी लागते. तिसरी, इथेनॉल पाण्यातून उकळून वेगळे करता येते, तर हे तेल पेशीच्या आत अडकलेले असते. पेशी गोळा करणे, तिची जाड भिंत फोडणे आणि हेक्झेनसारख्या द्रावकाने तेल ओढून घेणे हे सारे खर्चाचे काम आहे.

शिवाय यारोवियाला उसाची साखर मुळात पचतच नाही. सुक्रोज फोडणारे विकर त्याच्याकडे नाही, त्यामुळे साखरांपैकी ते मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच वापरू शकते. ही उणीव पावाच्या यीस्टचे एक जनुक बसवून भरून काढता आली आहे. पण मळीत साखरेबरोबर नत्रयुक्त पदार्थ आणि क्षारही असतात, आणि तेलासाठी तर नत्राची टंचाईच हवी असते. वरील बांधकामाच्या भाषेत, विटांच्या ट्रकमधूनच सिमेंटही येत राहिले तर अंगणात रास लागायची नाही. या सगळ्यावर उपाय आहेत, परंतु देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जात असताना आणि त्याला सरकारी खरेदीची हमी असताना कोणता कारखाना आपली मळी या वाटेला लावील?

मग हे परवडते कुणाला?

तेल स्वस्त असेल तर यीस्ट हरते. तेल महाग असेल तर जिंकू शकते. याचे उत्तम उदाहरण ड्यूपाँ कंपनीचे आहे. ओमेगा-३ गटातील ईपीए हे मेदाम्ल आपल्याला मुख्यतः माशांच्या तेलातून मिळते. ड्यूपाँने यारोवियात इतर सजीवांची अनेक जनुके घालून ईपीए बनवणारे वाण तयार केले. त्यात पेरॉक्सिसोम निकामी करण्याचा बदल निर्णायक ठरला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार या वाणाच्या मेदाम्लांपैकी निम्म्याहून अधिक केवळ ईपीए होते. त्याचे तेल पूरक आहार म्हणून २०१० साली बाजारात आले आणि चिलीतील सॅमन माशांच्या शेतीत खाद्य म्हणूनही हे यीस्ट वापरले गेले. एक किलो सॅमन वाढवण्यासाठी समुद्रातून पकडलेले किलोगणती लहान मासे खर्ची पडत, ते प्रमाण कमी करणे हा त्यामागचा हेतू होता.

चॉकलेटमधील कोकोबटर हाही असाच महाग मेद आहे. त्यासारखी चरबी तैलयुक्त यीस्टपासून बनवण्याचे प्रयोग १९८० च्या दशकातच झाले होते आणि त्या वेळी ते परवडले नाहीत. २०२४ साली कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेल्यावर तो विषय पुन्हा चर्चेत आला. सौंदर्यप्रसाधने हे तिसरे क्षेत्र. सी-१६ बायोसायन्सेसने आपले तेल सर्वप्रथम स्वयंपाकाला न देता त्वचेसाठी विकायला काढले, यात आश्चर्य नाही. तेथे ग्राहक काही ग्रॅमसाठी शेकडो रुपये मोजतो.

जैवइंधनाचे काय? विमानाच्या इंधनात आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ पासून एक टक्का आणि २०३० पर्यंत पाच टक्के हरित इंधन मिसळण्याचे लक्ष्य भारताने ठेवले आहे, आणि तेलापासून असे इंधन बनवण्याची पद्धत जुनी व सिद्ध आहे. पण इंधन हा तेलाचा सर्वांत स्वस्त उपयोग असल्याने साखरेचा हिशेब येथे अधिकच बिघडतो. यीस्टच्या तेलाने विमाने उडतील असे सांगणाऱ्या बातम्या मी तरी राखूनच वाचतो.

जनुकबदल केलेले यीस्ट पोटात घालायचे का?

ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. यीस्ट स्वतः आणि त्यापासून काढलेले तेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शुद्ध केलेल्या तेलात जिवंत पेशी नसते, आणि जनुके व प्रथिनेही शुद्धीकरणात जवळजवळ पूर्ण निघून जातात. मधुमेहींना दिले जाणारे काही इन्सुलिन आणि हेपॅटायटिस-बी ची लस जनुकबदल केलेल्या यीस्टमध्येच तयार होते आणि ती आपण वर्षानुवर्षे वापरत आहोत. यारोवियाचा अन्नाशी संबंधही जुना आहे. त्यापासून बनवलेले सायट्रिक आम्ल अमेरिकेत मान्य आहे, आणि युरोपीय संघाने २०१९ मध्ये जनुकबदल न केलेल्या, मृत यारोवियाला पूरक आहार म्हणून मान्यता दिली.

मात्र तेल काढून झाल्यावर उरणाऱ्या पेशींचा प्रश्न शिल्लक राहतो. त्यांत भरपूर प्रथिन असते आणि ते पशुखाद्य म्हणून विकले तरच हिशेब थोडा सुधारतो, पण जनुकबदल केलेल्या पेशी खाद्यात जायच्या असतील तर वेगळी परवानगी लागते. भारतात अशा सूक्ष्मजीवांचा वापर १९८९ च्या नियमांनुसार जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीच्या कक्षेत येतो, तर अन्न म्हणून विकायचे झाल्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मान्यता घ्यावी लागते. या कटकटी टाळण्यासाठी नेदरलँड्सच्या नोपाम इन्ग्रेडिएंट्ससारख्या कंपन्यांनी जनुकबदल न करता नैसर्गिक वाणच वापरण्याचे ठरवले आहे. त्यात उत्पादन काहीसे कमी मिळते, पण बाजाराचे दार लवकर उघडते.

साखर नको असेल तर यीस्टला खायला काय द्यायचे?

अभियांत्रिकीची खरी चुरस आता तेल वाढवण्यात राहिलेली नाही. यीस्टला अधिक स्वस्त अन्न पचवायला शिकवण्यात आहे. बायोडिझेल बनवताना उरणारे अशुद्ध ग्लिसरॉल यारोविया आवडीने खाते, फक्त त्याचे प्रमाण मर्यादित आहे. उसाचे चिपाड आणि भाताचा पेंढा यांतून झायलोज ही साखर निघते. ती पचवण्याची जनुके यारोवियाकडे आहेत पण जवळजवळ निद्रिस्त असतात, आणि ती जागी करण्यात अनेक गटांना यश आले आहे. पेंढ्यातून साखर मोकळी करण्याचा खर्च मात्र अजून जड जातो. पुण्यातील संशोधकांनी मुंबईच्या त्या सागरी वाणाला वापरून झालेले खाद्यतेल देऊन त्यापासून बायोडिझेलयोग्य तेल मिळवून दाखवले. येथे मला एक प्रश्न पडतो: वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल थेटही करता येते, मग मध्ये यीस्ट कशाला? उत्तर असे की तळणात बिघडलेल्या तेलाची प्रत यीस्टच्या पोटातून गेल्यावर सुधारते. ती सुधारणा खर्चाच्या तुलनेत पुरेशी आहे का, हे प्रत्येक ठिकाणच्या तेलावर अवलंबून राहील.

कच्च्या मालाचा भाव अशा उद्योगाचे काय करू शकतो, हे याच यीस्टच्या बाबतीत एकदा दिसून आले आहे. १९६० च्या दशकात ब्रिटिश पेट्रोलियमने आल्फ्रेड शांपान्या यांच्या संशोधनावर आधारित एक प्रकल्प फ्रान्समधील लाव्हेरा येथे सुरू केला. खनिज तेलातील पॅराफिन यारोवियाला खाऊ घालून, तेव्हा त्याचे नाव कँडिडा लिपोलिटिका होते, त्यापासून पशुखाद्याचे प्रथिन बनवायचे अशी ती योजना होती. तंत्र उत्तम चालले. सार्डिनियात वर्षाला एक लाख टनांचा कारखानाही बांधून झाला. पण १९७३ नंतर खनिज तेल महागले, सोयापेंड स्वस्त राहिली, इटलीत सुरक्षिततेवरून वाद पेटला, आणि तो कारखाना व्यापारी उत्पादनापर्यंत पोहोचलाच नाही.

सर्वांत धाडसी मार्ग साखर पूर्णपणे वगळतो. एमआयटीच्या गटाने २०१६ मध्ये दोन टाक्या एकमेकींना जोडल्या. पहिल्या टाकीत मूरेला थर्मोअसेटिका हा जीवाणू कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन या वायूंपासून असेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, बनवतो. ते दुसऱ्या टाकीत जाते आणि जनुकबदल केलेले यारोविया त्याचे तेल करते. या पद्धतीने लिटरमागे १८ ग्रॅम तेल मिळाले, म्हणजे साखरेवर मिळालेल्या उच्चांकाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी. येथे ऊस लागत नाही, शेतजमीन लागत नाही आणि पाऊसही लागत नाही. लागतो तो हायड्रोजन. तो पाण्याचे विघटन करून मिळवायचा तर वीज हवी, त्यामुळे या मार्गाने निघणाऱ्या तेलाचा भाव शेवटी विजेच्या प्रतियुनिट दरावर ठरेल.